चि. धांदरटास

११ जानेवारी

ती. ताईस नमस्कार,

"नुसतं 'बरा आहे, बरा आहे' लिहू नकोस, दिवसभर काय करतोस ते सविस्तर कळव," असा तुझा हुकूम आला आहे. तर घे सविस्तर. वाचून कंटाळलीस तर मला बोल लावू नकोस.

सकाळी कारखान्यात हातमोज्यांच्या खोलीचं कुलूप उघडतो. खोक्यांचा पुठ्ठा दिसायला गरीब, पण त्याच्या कडा हात सोलून काढतात. म्हणून पाळीवर जाणारा प्रत्येकजण माझ्या खिडकीशी येतो, फाटके मोजे टाकतो आणि नवा जोड घेतो. नियमाप्रमाणे मलाही एक जोड मिळतो. उजवा झिजतो, डावा कोराच राहतो. असे डावे मोजे माझ्याकडे ढिगाने साठले आहेत. तुझ्या दुकानात इस्त्री उजव्या हातात असते आणि वाफेचे चटके डाव्याला बसतात, असं तू मागे लिहिलं होतंस. तेव्हा सोबत पुडकं पाठवतो आहे. सगळे डावेच आहेत, उजवे शोधत बसू नकोस.

पण माझं खरं काम निराळंच. नवी माणसं भरती झाली की त्यांना पहिल्या दिवशी वरच्या खोलीत बसवतात आणि मला बोलावतात. साहेब म्हणतात, "हे आमचे जुने कामगार, यांच्याकडून शिका." मग मी झाकायला घातलेला मोजा काढून डावा पंजा दाखवतो. पुढच्या रांगेतलं कोणीतरी खाली बघायला लागतं. मी सांगतो, की मशीनचं तोंड पुस्तकासारखं उघडतं नि मिटतं. उघडलं की उजव्या हाताने कापलेला पुठ्ठा काढायचा, डाव्याने कोरा सरकवायचा. माझा पुठ्ठा तिरका बसला, तो सरळ करायला मी पुन्हा हात घातला आणि मशीन मिटलं. माझं लक्ष नव्हतं. चूक माझी, मशीनचा काही दोष नव्हता. हे शेवटचं वाक्य साहेबांच्या फार आवडीचं. ते राहिलं तर दाराशी उभे राहून खोकतात.

भाषण झालं की जेवणाची सुट्टी होते. माझ्या बाकावर कोणी बसत नाही. त्यांचं तरी काय चुकलं? उद्यापासून ज्या मशीनवर उभं राहायचं, त्याने खाल्लेला हात शेजारी ठेवून कोणाला घास गिळवेल? जुने लोक मला अंगठेबहाद्दर म्हणतात, कारण त्या पंजावर तेवढाच उरलाय. मी हसतो. न हसून सांगणार कोणाला.

संध्याकाळी खोलीवर येतो. खाली मोटारी दुरुस्त करणारा राहतो. त्याची ठोकाठोक थांबली की घर एकदम गप्प होतं, म्हणून मी स्टोव्हशी बोलतो. झालं तुझं सविस्तर.

तुझा,
धांदरट


२४ जानेवारी

चि. धांदरटास अनेक आशीर्वाद,

मोजे पोचले. काय सुख आहे रे! माझ्या डाव्या हाताला इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकं विचारतात, एकाच हातात मोजा का? मी सांगते, दुसरा माझ्या भावाकडे आहे.

स्टोव्हशी बोलतोस ते ठीक आहे, पण तो उत्तर द्यायला लागला की मला ताबडतोब कळव.

आता कामाचं. तुझी भाची ठकी ज्या छापखान्यात पुस्तकं शिवत होती, तो बंद पडला. पोरगी घरात रिकामी बसली आहे, आणि रिकामी बसली की माझ्याशी भांडते. परवा म्हणाली, "आई, तू शर्टाची कॉलर उलटी दाबतेस." मी तिच्या जन्माच्या आधीपासून कॉलरी दाबते आहे! तिचे वडील असते तर तिने निदान भांडणं वाटून घेतली असती. आता सगळी माझ्याच वाट्याला येतात. तिच्या हाताला काम हवं आहे आणि इथे ते नाही.

तेव्हा तुझ्या साहेबांकडे एक शब्द टाक. इतकी वर्षं तिथे आहेस, तुला कोण नाही म्हणेल? तिचा हात वेगाने चालतो आणि नीट चालतो. ती तुझ्यावर गेलेली नाही, सुदैवाने. आई म्हणायची ते आठवतं ना? याच्या हाती भांडं दिलं की आधी आपले कान झाकायचे. लहानपणापासून तू असाच. ठकी मात्र माझ्यासारखी आहे.

आणि खरं सांगू का? तिच्यापेक्षा मला तुझं जास्त वाटतं. संध्याकाळी तिथे घरचं माणूस असेल. तू चार घास कोणाच्या तरी समोर बसून खाशील. तिला मामाची ओढ आहेच. उत्तर लगेच पाठव.

तुझी,
ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार,

उत्तराला उशीर झाला. जरा सर्दी होती, आता बरी आहे.

ठकीचं वाचून वाईट वाटलं. पण सध्या आमच्याकडे भरती बंद आहे. आणि खरं म्हणजे हे काम तिच्याजोगं नाहीच. दिवसभर उभं राहायचं, नाकातोंडात पुठ्ठ्याची धूळ, आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पुस्तकं शिवणाऱ्या पोरीने खोक्यांच्या मागे का लागावं? तुमच्याकडे शिलाईची दुकानं पुष्कळ आहेत. किंवा तुझ्याच दुकानात दुसरी इस्त्री लाव. कॉलरीवरून भांडलात तरी दोघींचे हात डोळ्यांसमोर राहतील.

शिवाय हे गाव एकट्या मुलीला कसं मानवेल? माझ्या खोलीत मी वळलो तर खुर्चीला सरकावं लागतं. जिना अंधारा आहे. खालचा मोटारवाला माणूस सज्जन, पण शिव्या ठोकाठोकीच्या तालात देतो.

बाकी ठीक. गेल्या सोमवारी एक गंमत झाली. नव्या लोकांत एक उंच माणूस होता, भाषण झाल्यावर तो चक्क माझ्या बाकाकडे आला. मला वाटलं, बसतोय. मी डबा जरा सरकवलादेखील. तर त्याने विचारलं, "मोजे कुठे मिळतात?" मी खिडकी दाखवली. तो गेला, मग मी डबा पुन्हा मधोमध ठेवला.

ठकीला माझा आशीर्वाद सांग. तिला म्हणावं, मामाने जे म्हटलं ते तिच्या भल्यासाठी म्हटलं.

तुझा,
धांदरट


२७ फेब्रुवारी

चि. धांदरटास आशीर्वाद,

अरे, तुला खोटंही धड बोलता येत नाही! वरच्या परिच्छेदात भरती बंद, आणि खालच्या परिच्छेदात सोमवारी नवी माणसं आली, त्यात एक उंच होता. तो काय पाहुणा म्हणून आला होता? ठकीने हे पहिल्यांदा पकडलं आणि आम्ही दोघी खूप हसलो. मग ठकी झोपायला गेली, आणि मी मात्र हसू शकले नाही.

मी तुझ्याकडे आजवर काय मागितलं? एक शब्द. तोही तुला टाकवत नाही. मग मी विचार करत बसले, की का? तुला आमची लाज वाटते का? इस्त्रीवालीची मुलगी कारखान्यात आली तर तुझ्या साहेबांपुढे तुझं वजन कमी होईल, असं आहे का? का एकटं राहायची चटकच लागली आहे तुला? काही माणसांना लागते. एकटेपणाबद्दल लिहायचं गोड, पण सोबत देऊ केली की दार लावून घ्यायचं. खुर्ची सरकते म्हणे! खुर्ची बाहेर काढ.

लागलं असेल तर लागू दे. मलाही लागलं आहे.

आता ऐक. ठकीने तुझ्या कारखान्याला स्वतःच पत्र टाकलं होतं, तुझं नाव न घेता. त्यांनी तिला बोलावलं आहे. मार्चच्या मध्यावर ती येईल. राहायची सोय बायकांच्या वसतिगृहात झाली आहे, म्हणजे तुझ्या खुर्चीला धोका नाही. निदान तिला उतरवून घ्यायला ये. आणि ती ज्या मशीनवर उभी राहील तिथे पहिल्या दिवशी तिच्या शेजारी थांब. तुला एवढं तरी जमेल.

तुझी,
ताई

ता. क. डावे मोजे अजून चांगले आहेत. रागातही सांगते.


२० मार्च

ती. ताईस नमस्कार,

ठकी सुखरूप पोचली. मी गाडीच्या वेळेच्या बराच आधी जाऊन उभा होतो, तरी तिनेच मला आधी पाहिलं. सगळ्यांच्या देखत माझा डावा हात धरला आणि म्हणाली, "मामा, बॅग तू उजव्याने घे, हा मी घेते." तो हात असा कोणी धरल्याला किती दिवस झाले मला माहीत नाही. मी बॅग घेतली आणि खाली बघत चालायला लागलो. तिला वाटलं, मला तिचं येणं आवडलं नाही. तुम्ही मायलेकी सारख्याच.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे जेवली. खुर्ची तिला दिली आणि मी खाटेवर बसलो. तिने इतकी बडबड केली की बिचाऱ्या स्टोव्हला तोंड उघडायला मिळालं नाही. तुझ्या कॉलरी ती म्हणते तशा खरंच उलट्या असतात म्हणे. यात मी पडत नाही.

काल नव्या लोकांना वरच्या खोलीत बसवलं. ठकी पहिल्या रांगेत होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी मोजा काढला आणि नेहमीचं सुरू केलं. पुठ्ठा तिरका बसला, मी हात घातला, लक्ष नव्हतं, चूक माझी. इथपर्यंत तोंडाला सवय आहे. पुढचं वाक्य येईना. ठकीचे हात तुझ्या हातांसारखे आहेत, अंगठ्याशी तशीच खळी. मी त्यांच्याकडेच बघत राहिलो. साहेब खोकले. मी म्हटलं, "मशीनच्या तोंडाशी खालच्या बाजूला एक आडवी दांडी असते. हात आत अडकला तर मनगट तिच्यावर दाबलं जातं आणि मशीन जागच्या जागी थांबतं. कामाला उभं राहण्याआधी रोज ती दांडी हाताने दाबून बघा. मशीन थांबलं नाही, तर त्याच्यासमोर उभं राहू नका. कोणीही सांगितलं तरी."

साहेब पुन्हा खोकले, पण मला काल ऐकू कमी येत होतं.

एवढंच. रोजच्यापेक्षा दोन-चार वाक्यं जास्त झाली, दुसरं काही नाही. शनिवारी साहेबांनी खोलीत बोलावलं आहे. मोज्यांचा साठा मोजायचा असेल.

तू काळजी करू नकोस. ठकीचं मशीन खिडकीजवळ आहे, उजेड चांगला आहे.

तुझा,
धांदरट


१४ एप्रिल

मायना कोरा ठेवला आहे, तो घाईत राहिला म्हणून नाही. पेन घेऊन बसले आणि नेहमीचं लिहवेना. दुसरं काय लिहायचं ते सुचेना. म्हणून तशीच सुरुवात करते.

ठकीचं पत्र आलं. तुझ्या पत्रात जे नाही ते सगळं त्यात आहे.

तुझ्या भाषणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ती मशीनवर गेली आणि तू सांगितलंस तशी दांडी दाबायला गेली. दांडी जागेवरून हललीच नाही. मशीन आपलं उघडतंय, मिटतंय. वाकून पाहिलं, तर दांडी तारेने मागे बांधलेली. तार गंजलेली, म्हणजे कालपरवाची नव्हे. तिने मुकादमाला बोलावलं. तो म्हणाला, "वाकडा पुठ्ठा दांडीला नुसता घासला तरी मशीन थांबतं. मग माल निघणार कधी? इथे सगळ्यांच्या दांड्या पहिल्यापासून अशाच आहेत." ठकीने विचारलं, "पहिल्यापासून म्हणजे माझ्या मामाच्या वेळीही?" मुकादमाने मान खाली घातली. आजूबाजूचे जुने लोक आपापल्या तारांकडे बघायला लागले. ठकी हात बांधून उभी राहिली. तिच्या बरोबरीचे नवे लोकही आपापल्या मशीनपासून मागे सरकले. शेवटी तिकडे सगळ्यांत म्हातारा जो मशीनवाला आहे, तो पक्कड घेऊन आला आणि त्याने आधी स्वतःच्या मशीनची तार तोडली. मग ठकीच्या मशीनची. मग ती पक्कड हातोहात फिरली.

आता माल कमी निघतो आहे आणि साहेब आरडाओरडा करताहेत. पण दांड्या मोकळ्या आहेत. नवी माणसं सकाळी आल्या आल्या दांडी दाबून बघतात, आणि त्याला "मामाची दांडी दाबली का?" असं म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत ती सगळी तुझ्या बाकावर गर्दी करून बसतात. फक्त तू तिथे नसतोस. मोज्यांच्या खिडकीत दुसराच माणूस आहे. त्या शनिवारी साहेबांनी काय मोजलं, ते तू मला कळवलं नाहीस.

म्हणजे तुझा हात गेला तेव्हा ती दांडी बांधलेली होती. आणि ठकीला तू येऊ देत नव्हतास ते खुर्चीसाठी नव्हतं. मी काय काय लिहिलं तुला! लाज म्हणे, चटक म्हणे. माझी जीभ झडो.

काल दुकान बंद केल्यावर बसून आठवायला लागले, लहानपणी तुझ्या हातून काय काय सांडलं, काय काय फुटलं. खूप वेळ बसले. एकही गोष्ट आठवेना. आठवलं ते उलटंच. कंदिलाच्या काचा घरात तूच पुसायचास, कारण माझ्या हातून त्या तडकायच्या. आईला सुईत दोरा तूच ओवून द्यायचास. मग आई ते भांड्याचं आणि कानांचं म्हणाली केव्हा? तू दवाखान्यातून घरी आलास, पट्टी बांधलेल्या हाताने पेला उचलायला गेलास आणि तो पडला, तेव्हा. त्याआधी कधीच नाही. तू म्हणालास चूक माझी, आणि आम्ही ती खरी मानली. मग तुझं सगळं लहानपण आम्ही त्या चुकीला साजेसं करून घेतलं. आई तेच खरं समजून गेली रे.

मला एकच सांग. साहेबांना घाबरलास ते समजलं. पण मला का नाही बोललास? मी तुझी बहीण ना? दर पत्राच्या माथ्यावर मी तुला तेच म्हणत राहिले आणि तू खाली तशीच सही करत राहिलास.

इकडे निघून ये. दुसरी इस्त्री उजव्या हाताने चालते.

तुझी,
ताई


२६ एप्रिल

ती. ताईस नमस्कार,

रडू नकोस. तू रडत रडत लिहिलंस हे कळलं, शाई दोन ठिकाणी पसरली आहे. उगाच वाफेवर ढकलू नकोस.

साहेब दवाखान्यात माझ्या उशाशी येऊन बसले होते. म्हणाले, दोष मशीनचा निघाला तर चौकशी होईल, कारखाना बंद राहील, सगळेच उघड्यावर पडतील. दोष तुझा निघाला तर तुला जन्मभर काम. आई तेव्हा आजारी, भावजी नुकतेच गेलेले, ठकी तुझ्या कडेवर. मी हो म्हटलं. त्यांचा शब्द त्यांनी पाळला, तो शनिवार येईपर्यंत. शनिवारी म्हणाले, आता आराम करा.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. तुला मी सांगणार होतो. घरून परत इथे आलो, तेव्हा सगळं खरं लिहायचं असं ठरवूनच आलो होतो. कागद काढला होता. तेवढ्यात तुझं पत्र आलं. मायना होता, "चि. धांदरटास." वाचून मला हसू फुटलं. हात गेल्यापासूनचं ते पहिलं हसू. कारखान्यात तोवर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते. पुढे तर बोलायचेच बंद झाले. तू एकटी मला चिडवत होतीस. खरं कळवलं असतं, तर तू रडली असतीस आणि पुढच्या पत्रात मी "बिचारा" झालो असतो. मला बिचारा म्हणणारे इथे पुष्कळ होते. म्हणून मी तो कागद ठेवून दिला आणि खाली सही केली, धांदरट. नाव खोटं होतं, पण मला कोणी प्रेमाने मारलेली हाक तेवढीच होती ग.

आणि ठकीचं म्हणशील, तर तिने येऊ नये असं मला वाटत होतं आणि यावी असंही तितकंच वाटत होतं. ते पत्र तीनदा फाडून लिहिलं, म्हणूनच त्यात भरती एकदा बंद आणि एकदा चालू राहिली. सोबत मलाही हवी होती. पण तिच्या हातांच्या बदल्यात नको होती.

इतक्यात मी येणार नाही. सुट्टीच्या दिवशी ठकी जेवायला येते, खुर्ची तिचीच झाली आहे. बाकावर सगळे माझ्यासाठी जागा ठेवतात असंही सांगते. मला फाटकातून आत सोडत नाहीत, हे तिला माहीत आहे, तरी सांगते. बाकीचे दिवस फार लांब वाटतात. सकाळी उठून किल्ली शोधतो, मग आठवतं, ती साहेबांकडे दिली. भाषण मात्र अजून तोंडात येतं. स्टोव्हसमोर सुरू करतो आणि "चूक माझी"पाशी येऊन थांबतो. त्याच्या जागी काय म्हणायचं, ते अजून जिभेला बसलेलं नाही. बसेल.

मोजे आता मिळायचे नाहीत. आहेत ते जपून वापर.

आणि एक मागतो. तुझं पत्र आलं की मी आधी मायना वाचतो, मग स्टोव्ह पेटवतो आणि चहा घेत बाकीचं वाचतो. या वेळी पाकीट उघडलं आणि वर कोरं दिसलं. दुसऱ्याच कोणाचं पत्र चुकून आलं, असं वाटून मी ते परत पाकिटात घालत होतो. ताई, माथा कोरा सोडू नकोस. जुनंच लिही, नवं लिही, तुला हवं ते म्हण. पण मला काहीतरी म्हण.

तुझा,
धाकटा भाऊ